सांडूभाऊंच्या फळ्याचा कोपरा

सांडूभाऊंविषयी लिहायला माझ्याइतका अपुरा माणूस गारखेड्यात दुसरा नसेल. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. लेकाच्या दारावरच्या पाटीवर असेल, मी कधी वाचली नाही. फळ्याचं मात्र डोळ्यांनी पाहिलं आहे, तेवढंच सांगतो.

ते सोयगावकडच्या शेतकरी घरातले. नोकरी अजिंठ्याच्या लेण्यांत, पहारेकऱ्याची. भिंतीला हात लावू नका, असं ते जन्मभर लोकांना सांगत राहिले आणि तरी रंगाच्या खपल्या पडतच राहिल्या. गाइड लोक बुद्धांचं सांगणं रोज समजावून द्यायचे, की जे जुळून आलंय ते सुटणार, म्हणून आजचं काम मन लावून करा. कुणी शिकवलं नाही, बसल्या जागी मुरलं, असं भाऊ म्हणायचे.

निवृत्त होऊन लेकाकडे आले आणि थोड्याच दिवसांत बायको गेली. मग सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्यांना कळेना. कॉलनीच्या तोंडाशी एक रिकामा फळा होता. तो ते रोज ओल्या फडक्यानं पुसून त्यावर एक विचार लिहू लागले. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत नळाला पाणी कधी येणार तेही लिहायचे. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. पण पाणी सोडणारा लाइनमन भाऊंच्या गावाकडचा, त्यामुळे बातमी पक्की असायची.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब यांना एवढे चांगले विचार रोज पुसले जातात याची फार हळहळ वाटे. म्हणून भाऊंचंच एक वाक्य निवडून त्यांनी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरून घेतलं, ‘सर्व काही अनित्य आहे’. खाली देणगीदारांची नावं, जरा मोठ्या अक्षरांत. फळा काढून गच्चीवर नेऊन ठेवला. भाऊंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. यात हसण्यासारखं काही आहे हे आम्हा कुणालाच दिसलं नाही. भाऊ तेवढे शाल तोंडाशी धरून खोकले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते बाहेर दिसेनात. मला कुणाकडे जायचा संकोच वाटतो. फाटकापर्यंत जाऊन एकदा परतलो, मग गेलो. ते खाटेवर बसले होते. खिडकीत खडूंची नवी पेटी तशीच पडलेली.

“दगड चांगला हाय, श्रीधरराव,” ते म्हणाले. “पण मला सकाळचं काम नाय उरलं.”

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई रिकामी बादली घेऊन दारात आल्या. फळा नाही म्हणून कळलं नाही, पाणी येऊन गेलं आणि अख्खी गल्ली झोपेत राहिली, असं त्यांनी भाऊंनाच सुनावलं.

“वरचे विचार वाचत व्हत्या का कधी?” भाऊंनी विचारलं.

“खरं सांगू का भाऊ? आम्ही कोपरा वाचायचो. वरचं लई असायचं.”

मी वच्छलाबाईंना डोळ्यांनी खुणावलं. भाऊ मात्र इतके हसले की टोपी खाली पडली. इतकी वर्षं आपण उगाच वर लिहीत बसलो, म्हणाले, आणि टोपी झटकून फळा आणायला निघाले.

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटखाली तारेनं फळा टांगलेला. आता पाणी वर, ठसठशीत अक्षरांत, आणि विचार कोपऱ्यात, एका ओळीत. काकासाहेब तावातावानं आले, पाण्याची ओळ वाचली आणि मोटार लावायला तसेच माघारी पळाले. गंमत अशी, की लोकांच्या नजरेला कोपऱ्याचीच सवय होती. पाणी वाचून झालं तरी नजर तिकडे जायचीच. वच्छलाबाई तर पुढेपुढे त्या ओळीवरून भाऊंशी वाद घालू लागल्या. भाऊ दुप्पट वेळ फळ्यापाशी उभे राहू लागले.

पुढे कित्येक वर्षं असंच चाललं. ते झोपेतच गेले. आदल्या सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो आणि ते फळा पुसत होते.

“उद्या आहे का पाणी?” मी विचारलं.

“व्हय, पहाटं. टाकी धुऊन ठेवा.”

“टाकीच्या झाकणाची कडी तुटलीय.”

“मग वर वीट ठेवा.”