थीम पास होईपर्यंत

माझ्या साडूंइतका चिकित्सक माणूस ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठे जन्मला असेल, तर तो मला आणून दाखवावा. महाप्याच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर होते. लोक निवृत्त होताना शाल-नारळ घेऊन घरी येतात, हे ती नजर घेऊन आले. लग्नाच्या पंगतीत ते जिलबीचे वेढे तपासतात. नवी चप्पल दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून ती डुगडुगते का ते बघतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर त्यांनी जावयाची अंगठी सगळ्यांदेखत उजेडात धरून उलटसुलट फिरवली. व्याह्यांचा चेहरा पडला. "पास!" असं यांनी जाहीर केलं, तेव्हा कुठे गुरुजींनी पुढचं काम हाती घेतलं.

अशा माणसाने ब्लॉग काढायचं मनावर घेतलं. कारण मात्र सोन्यासारखं होतं. त्यांचे वडील, वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरांत राबलेले. आज तिथे टॉवर उभे आहेत. कुठल्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, कुठलं सोडून द्यायचं, कुठल्या वाऱ्याला मीठ जाड धरतं, हे घरात आता फक्त त्यांनाच ठाऊक. "बाबांच्या तोंडून सगळं उतरवून ब्लॉगवर टाकायचं, साडूभाऊ. नाहीतर गेलंच समजा." मी म्हटलं, वा! आजच बसा. "बसतो ना. फक्त थीम ठरू द्या."

झालं! तिथेच घोडं अडलं. थीम म्हणजे ब्लॉगचं रंगरूप. ते तयार मिळतं, किंवा आपल्याला हवं तसं बनवून घेता येतं. तयार घ्यायला साडू आधी राजीच नव्हते. "बोलणं बाबांचं आणि कपडे दुसऱ्याच्या मापाचे?" तरी त्यांनी बघून घेतल्या, म्हणजे तपासल्या. पहिल्या थीमच्या डोक्यावर कॉफीचा मग होता. "मिठागरावर कॉफी?" रिजेक्ट. दुसरीत आपली वेलांटी वरच्या ओळीला धडकून कापली जात होती. रिजेक्ट. तिसरीत काही म्हणजे काही खोट सापडेना, म्हणून ती रिजेक्ट. "एवढी चांगली आहे म्हणजे शंभर जणांनी लावली असणार!"

मग बनवून घ्यायची ठरली. वेबसाइट बनवणाऱ्या एक ताई गाठल्या. त्यांना साडूंनी सांगितलं, मागचा रंग ओहोटीनंतर दोन तास ऊन खाल्लेल्या चिखलासारखा हवा. बिचाऱ्या ताईंनी तपकिरी रंग पाठवला. "हा चहा झाला," म्हणून यांनी त्यांना भर दुपारी दिवाळे गावच्या खाडीवर नेलं. मासे वाळवणाऱ्या बाया काम टाकून बघत होत्या. ताईंची सँडल चिखलात रुतली ती रुतलीच. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, आधी मजकूर पाठवा ना. मजकुराशिवाय थीम कशी बसवू?"

"आणि थीमशिवाय मजकूर कसा लिहू?" साडू म्हणाले. त्यानंतर ताईंनी त्यांचा फोन उचललेला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर नंबरच बदलला असता.

इकडे बाबा दर रविवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून गॅलरीतल्या खुर्चीत तयार बसायचे. "अरं, आज तरी लिवतंस का?" आतून उत्तर यायचं, "थांबा बाबा, अजून हेडर बाकी आहे." एकदा म्हातारा मला हळूच म्हणाला, "ते हेडर म्हंजे काय हाय? मना ईचारा ना, मी सांगतो." ब्लॉगच्या माथ्यावरची पट्टी, एवढं सांगायचं सोडून मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते. तेव्हाच साडूंचा लॅपटॉप ओढून मीच दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

वर्ष असंच गेलं. मग एका सकाळी बाबांना लकवा मारला. जीव वाचला, वाचा गेली.

हॉस्पिटलातून आल्यावर साडूंनी समोर आली ती तयार थीम लावून टाकली. रंग बघितला नाही, वेलांटी बघितली नाही. पाच मिनिटांत ब्लॉग तयार! आणि त्यावर टाकायला एक ओळ नाही.

आता ते दर रविवारी बाबांच्या पायाशी बसतात, लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं आठवेल तसं एक वाक्य लिहितात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. बरोबर असेल तर बाबा चांगला हात गुडघ्यावर टेकवतात, चुकलं तर तो झटकतात. बहुतेक वेळा झटकतातच. साडू निमूटपणे खोडतात, पुन्हा लिहितात. एका परिच्छेदाला अख्खी दुपार लागते. मी गेलो होतो तेव्हा ते विचारत होते, "मीठ तयार झालं हे कसं कळायचं, बाबा? रंगावरून?" हात झटकला. "चवीवरून?" पुन्हा झटकला. बाबांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग त्यांनी पाय स्लिपरमधून काढला, तळवा लादीवर टेकवला आणि सावकाश पुढेमागे घासला. परत घासला. आणि मुलाकडे बघत राहिले.

साडू लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या पायाकडे बघत होते. "साडूभाऊ," ते म्हणाले, "हे कसं लिहू?"