भोंगेकाकांची पांढरी सकाळ

भोंगेकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तेवढं माहीत असेल. पण तीही चारचौघांत ‘आमचे भोंगे’ असंच म्हणायची, त्यामुळे खात्री देता येत नाही.

डोंगरमाथ्यावरचं ते गाव शेतीवर जगणारं. उतारावर एकाखाली एक शेतं, त्यांत बटाटा, कोबी, वाटाणा. थंडीत आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की पहाटे पानांवरचं दव गोठायचं. गावात त्याला ‘पांढरं पडणं’ म्हणत. पांढरं पडलं की उन्हाच्या आधी पाणी मारून ते पानांवरून धुवून काढायचं. ऊन आधी पोचलं तर संपलं. दुपारपर्यंत पानं उकडल्यासारखी काळी पडून माना टाकायची. पण पहाटेच्या त्या थंडीत पांघरूण टाकून बघायला उठणार कोण? म्हणून पालिकेच्या कचेरीच्या गच्चीवर हातानं फिरवायचा भोंगा बसवलेला होता, आणि तो फिरवायला काका होते.

तरुणपणी तात्पुरते म्हणून लागलेले काका तिथेच म्हातारे झाले. थंडीचे महिने ते अर्धवटच झोपत. पहाटे उठून कंदील घेऊन खोलगट शेतांकडे जात, वाकून गवतावर तळवा टेकवत. गवत ओलं लागलं तर परत येऊन चहा घेत. कुरकुरीत लागलं तर तसेच धावत गच्चीवर. भोंगा असा फिरवत की मेलेलाही कूस बदलेल. एकेका घरात दिवे लागत, पंप सुरू होत, शिव्याही ऐकू येत. सगळ्या घरांत दिवा दिसेपर्यंत काका हात थांबवत नसत. गच्चीवरून उतरेपर्यंत पांढरं धुऊन गेलेलं असे. त्यांच्या स्वतःच्या शेताला पाणी मारायचं काम बायकोचं.

“थंडीत माझा नवरा मी गावाला देऊन टाकते,” ती म्हणायची. “उन्हाळ्यात परत करतात, पण खोकला लावून.”

मग पाहुणे यायला लागले. आधी तळ्यावर होडीत बसायला, मग कड्यावरून सूर्यास्त बघायला, भाजीबाजारात कोबीचे ढीग पाठीशी घेऊन फोटो काढायला. गावाला मजा वाटायची. कोबीबरोबर फोटो काढणारी माणसं गावानं आधी पाहिली नव्हती. पुढे कुणीतरी पांढऱ्या शेताचा फोटो फोनवर टाकला आणि सगळं गणितच बदललं. जो तो पांढरं बघायलाच येऊ लागला. ज्याच्या नावानं गावाच्या तोंडचं पाणी पळायचं, ते बघायला लोक लांबलांबून मफलर गुंडाळून येत. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, त्यातला प्रकार. काकांना त्या पाहुण्यांचा मनापासून राग यायचा, आणि तो लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती.

पंचाईत अशी की घरात पाहुण्यांवरच जगणारी लेक होती. एकुलती एक. तिनं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या होत्या, खिडक्यांना जाड पडदे शिवले होते, उशांच्या खोळी रोज बदलत होती. खोल्या चालल्या तर इथेच राहायचं, नाहीतर खाली शहरात मैत्रिणीच्या ओळखीनं नोकरी धरायची, हे तिनं आईबापांना सांगून टाकलं होतं. हा हंगाम शेवटचा. काका त्यावर ‘बघू’ म्हणाले होते. पण त्या दिवसापासून न सांगता ते पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला लागले होते.

त्या आठवड्यात वरच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको उतरली होती. समुद्राकाठची माणसं, जन्मात गोठलेलं काही पाहिलेलं नाही. मास्तरीणबाईंचे गुडघे दुखत. भोंगा झाल्यावर त्या मोजे, स्वेटर, कानटोपी चढवून शेतापर्यंत पोचेस्तोवर सगळीकडे नुसता चिखल असे. दोनदा मुक्काम वाढवून झाला होता. उद्या निघायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला बसताना लेक म्हणाली, “बाबा, उद्या पडलं तर भोंगा जरा उशिरा द्या ना. थोडासाच. त्या बिचाऱ्यांना बघू दे.”

काकांचा घास हातातच राहिला. “भोंगा म्हणजे काय माझ्या बापाची पिपाणी आहे? मनात आलं की वाजवली? गाव झोपतं ते माझ्या भरवशावर!”

“गावाचं सगळं दिसतं तुम्हाला. खोल्या रिकाम्या पडल्या की मी जाणार, ते नाही दिसत.”

“म्हणून लोकांची शेतं जाळू?”

“मी असं म्हणाले का?” लेक ताट घेऊन उठली. काका भाताकडे बघत बसले. बायको काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की काहीतरी शिजतंय, हे एवढ्या संसारानंतर काकांना कळायला हवं होतं. पण त्या वेळी त्यांना स्वतःच्या रागाचंच कौतुक होतं.

पहाटे गवत कुरकुरलं. काका गच्चीवर धावले आणि नेहमीच्याच वेळी, नेहमीपेक्षा जोरात भोंगा फिरवला. सगळे दिवे लागले, पंप धडधडले. काका खाली उतरले, तर रस्त्यात दूधवाला हसत म्हणाला, “काका, दिव्याखाली अंधार म्हणतात ते खरं हो. गाव उठवलंत, तुमचंच शेत कोरडं!”

काका पळतच शेतावर पोचले. आजूबाजूची सगळी शेतं ओली, हिरवी. मधोमध त्यांचा बटाट्याचा तुकडा तेवढा पांढरा. बांधावर मास्तर फोनवर फोटो काढत होते. मास्तरीणबाई कानटोपी मागे सारून एका पानावर बोट फिरवत होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या. लेक त्यांना कोपराला धरून उभी होती. आणि नळाजवळ पाइप पायाशी टाकून, हाताची घडी घालून काकांची बायको उभी होती.

काका नळाकडे झेपावले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“अगं, हे बियाण्याचं आहे! पुढच्या वर्षीचं!”

“माहीत आहे. मीच लावलंय.”

“मग?”

“बियाणं बाजारात मिळतं,” ती हळूच म्हणाली. तिनं बांधावरच्या लेकीकडे पाहिलं. तिचा हात थंडीनं लाकडासारखा झाला होता. काकांनी नळाकडे नेलेला हात मागे घेतला.

आयुष्यभर तळव्याला कळलेलं पांढरं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट, उभं राहून पाहिलं. चांगलं दिसत होतं. कबूल करायला त्यांना लाज वाटली, पण खरंच फार चांगलं दिसत होतं.

ऊन वरच्या बांधावर आलं. “आता उन्हात आणखी चमकेल, नाही?” मास्तरीणबाईंनी विचारलं. लेकीनं वळून नळाकडे पाहिलं. आईनं सांगितलं होतं, ‘आपल्या शेतावर घेऊन ये, मी पाण्याचं बघते.’ आता आईचे रिकामे हात आणि बापाचं तोंड बघून तिला सगळं उमजलं. ती धावत आली, दोघांना बाजूला सारून नळ सोडला आणि पाइप घेऊन सरळ शेतात घुसली. मास्तरांचे बूट भिजले, फोन भिजला, ते ओरडत मागे सरले. ती थांबली नाही. खालचा अर्धा तुकडा तिनं धुवून काढला. वरचा अर्धा उन्हानं गाठला होता.

मास्तर मंडळी मात्र खूश होऊन गेली. पुढच्या हंगामात आणखी दोन कुटुंबं घेऊन येतो, खोली आत्ताच धरून ठेवा म्हणाली. दुपारी वरचं शेत काळं पडून झोपलं, तेव्हा लेक बांधावर बापाशेजारी येऊन बसली.

“बाबा, मी जाते खाली. नोकरीला.”

“अगं, खोल्या तर चालल्या! पुढच्या हंगामाची माणसंसुद्धा मिळाली.”

“चालल्या म्हणूनच. पुढच्या वर्षी परत भोंगा होणार, परत आई पाइप टाकून उभी राहणार. मला थांबवायला तुम्ही दोघं दर वर्षी एक शेत जाळाल. मला माहीत आहे तुम्ही कसे आहात ते.”

नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आई दूर काळी रोपं उपटत होती. इकडे न बघता ती सगळं ऐकत होती.

काकांनी हातातलं ढेकूळ कुस्करून टाकलं. मग त्यांनी विचारलं, “तिकडे थंडी असते का गं?”

“नाही, बाबा. पंखा लावून झोपावं लागतं.”

“मग बरं आहे,” काका म्हणाले. “सकाळी तुला कुणी उठवणार नाही.” एवढं बोलून ते भर दुपारी बांधावर, सगळ्यांना दिसेल असे, हुंदके देऊन रडायला लागले.