शेवटचा पीस, निळ्या रंगात

मला सायकलवर बसता येतं, सायकल चालवताही येते. फक्त उतरता येत नाही.

आता हे अख्ख्या अड्याळ गावाला ठाऊक आहे, म्हणून लपवत नाही. आमचं साड्यांचं दुकान. वडील मागावर बसायचे, मी गादीवर बसतो. (बसणं हा आमचा पिढीजात धंदा!) गेल्या हिवाळ्यात, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, मला शाळेतली सायकल आठवली. तलावाची पाळ, दोन्ही हात सोडलेले, शर्टात शिरलेला वारा... त्या तंद्रीत मी एका बाईंना हिरव्या साडीऐवजी जांभळी बांधून दिली.

"मले सायकल घ्यायची आहे," मी बायकोला, शोभाला, म्हटलं. "बारीक चाकाची, वाकड्या हँडलची. रोड बाईक म्हणतात तिले."

"वाकडं कायले? सरळ भेटत नाही का?"

"तसंच राहते तिचं!"

"घ्या मंग. पण तुमी सोतासाठी आणलेली एक वस्तू आजवर धड निघाली नाही. चप्पल चावते, चष्मा घसरते. सायकल पडून राहिली, तर लाखांदूरले माह्या भावाले देऊन टाकीन!"

हा मेहुणा सहा फुटांचा आहे. मी नाही.

भंडाऱ्याच्या दुकानात माझ्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच सायकली होत्या. मी टायर चिमटीत धरून चोळून पाहिले. सूत जितकं बारीक तितका माल भारी, हे आमच्या रक्तात! राखाडी सायकल मापाची होती, पण टायर जाड. निळ्या सायकलचा टायर मात्र बोटांत मावत होता.

"निळा शेवटचाच पीस आहे, भाऊ," दुकानदार म्हणाला. "आन् तुमाले खुलूनबी दिसते."

ही दोन वाक्यं मी स्वतः दिवसातून वीसदा म्हणतो. तरीही विरघळलो!

"उंच वाटून राहिली," मी म्हटलं.

"चालवून चालवून बसते बरोबर."

मीही ब्लाउजबद्दल हेच सांगतो, दोन धुण्यांत बसेल म्हणून. त्यामुळे मला पटलं. (घरी आणल्यावर मी ती दोनदा धुतली. लोखंड आटत नाही!)

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाजवळच्या छोट्या पुलियाच्या कठड्यावर उभा राहून मी सायकलवर चढलो आणि निघालो. पाय जमिनीला लागत नव्हते, पण लागायला कशाला हवेत? पाण्यावर धुकं होतं. धान कापलेल्या शेतांतल्या बांध्यांत लाखोळीची निळी फुलं उमलली होती. शर्टात वारा शिरला, तोच, शाळेतला. मला खरंच रडू आलं. एक वळसा झाला, दुसरा झाला. कठड्याशी उतरावं म्हणून परतलो, तर तिथे चार म्हातारे ऊन खात बसलेले!

"सरका ना, काका!"

"थांब ना बाबू, बोलू दोन गोष्टी!"

"थांबताच येत नाही!"

"एवढी कायची घाई?" काका मागून ओरडले.

पाचव्या वळशाला पाळीवर शोभा उभी दिसली. "अवो, दुकान कोण उघडन? उतरा!"

"उतरता येत नाही! पाय पुरत नाही!" हे बोलत मी तिच्यासमोरून निघून गेलो. उरलेली चर्चा सहाव्या वळशाला झाली.

"मंग घेतली कायले?"

सातव्या वळशाला मी उत्तर दिलं, "शेवटचा पीस होता!"

तिने म्हाताऱ्यांना उठवलं. मी कठड्याला पाय टेकला आणि सायकलीसकट तिच्या अंगावर कलंडलो.

"भावाले फोन लावीन आता," ती म्हणाली.

"नको ना, शोभा. तीस वर्षांनी असा वारा लागला मले." तिने कठड्याची उंची वितीने मोजली. फोन काही केला नाही.

आठवड्याभरात तिने गवंडी बोलावून दुकानासमोर गुडघाभर उंच ओटा बांधून घेतला. आता मी रोज सकाळी तलावाला वळसे घालतो आणि ओट्याशी येऊन उतरतो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "वहिनी, सायकल वापस काहून नाही केली?"

शोभाने आमच्याच दुकानातल्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"आन् शेवटचा पीस म्हणून गळ्यात मारलेली ही काही पयली वस्तू नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "माह्या बाबालेबी लग्नाच्या वक्ती असंच सांगतलं होतं."