छपराची माती

लढाईच्या दिवसांत आम्ही नगरला दोन खोल्यांचं माळवदाचं घर घेतलं. मी आणि आमचे हे, दोघंही मिशनच्या शाळेत शिक्षक. घराचं मातीचं सपाट छप्पर गळकं होतं, म्हणून पतपेढीने खरेदीबरोबर दुरुस्तीची रक्कमही एकाच गहाणखतात धरली. खरेदीचे पैसे परस्पर विकणाऱ्याला गेले. दुरुस्तीचे मात्र काम सुरू झालेलं पाहूनच मिळायचे होते.

गवंडी म्हणाला, "बाई, काम दिसाया पायजे ना? माळवद उतरवू. सायबानं मान वर केली अन् आभाळ दिसलं, म्हंजे काम दिसलं!"

नवं छप्पर पत्र्याचं करायचं होतं. लढाईमुळे पत्रे सरकारी परवान्यावरच मिळत आणि आमचा परवाना आलेला नव्हता. तरी आम्हाला ते पटलं. छपराची माती अंगणात आली, फळ्या भिंतीला टेकल्या.

पतपेढीचे तपासनीस आले. त्यांनी मान वर केली ती बराच वेळ खाली आणली नाही.

"बाई, आम्ही घर गहाण घेतलं होतं. या तर भिंती आहेत."

"छपरासाठीच तर पैसे हवेत."

"छपराशिवाय घराला किंमत नाही, आणि किंमत नसलेल्या घरावर पैसे देता येत नाहीत. कमिटी बसायच्या आत छप्पर घाला. नाहीतर सगळंच कर्ज परत मागावं लागेल."

परत द्यायला आमच्याजवळ त्या घराशिवाय काहीच नव्हतं. आमचे हे शाळेत रजा टाकून सावलीबरोबर खाट सरकवत दिवसभर पडून राहू लागले. भाकरीच्या पिठात वाऱ्याने धूळ येई. पत्र्यांसाठी मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. "पुढच्या आठवड्यात या," एवढंच ऐकलं.

एका सकाळी शाळेतून डबा न्यायला घरी आले तर अंगणात बैलगाडी. केडगावचा एक शेतकरी आमची माती भरत होता. जुनी पांढरी माती रानाला खतासारखी घालतात. गवंड्याने ती परस्पर विकली होती. एक खेप तर कधीच गेली होती.

मी उरलेल्या ढिगावर जाऊन बसले.

"उठा बाई. म्या इसार दिलाय."

"गवंड्याला दिलाय, त्याच्याकडून घ्या. हे माझं छप्पर आहे."

"छप्पर व्हय?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "मला वाटलं खत हाय."

त्याने गाडी तिथेच रिकामी केली. पत्रे येणार नव्हते, माती होती. मी आत गेले आणि यांना म्हटलं, "उठा, फळ्या चढवायच्यात."

"आता प्रार्थनेशिवाय काय उरलंय?"

"ती वर चढून करा."

फळ्या चढवल्या, माती भिजवली, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तुडवून दिली. माती पुढच्या खोलीपुरतीच पुरली.

कमिटीच्या आधी तपासनीस पुन्हा आले. एका खोलीवर छप्पर पाहून म्हणाले, "कर्ज परत मागणार नाही. घर राहील तुमचं."

"आणि दुरुस्तीचे पैसे?"

"जुनीच माती परत घातलीत बाई. यात दुरुस्ती काय झाली?"

मागच्या खोलीवर छप्पर घालणं आम्हाला पुढे कितीतरी वर्षं जमलं नाही. हप्ता मात्र दोन्ही खोल्यांचा भरत राहिलो.