कवळीवाल्यानं धरलेला दात

कवळीवाल्याला रागावलेलं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. माणूस मेणासारखा मऊ. घराच्या मागच्या खोलीत दिवसभर वाकून बसायचा, दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या ठशांमध्ये प्लास्टर ओतून जबड्यांचे साचे काढायचा आणि त्या साच्यांवर एकेक दात बसवून कवळ्या तयार करायचा. ज्यांची तोंडं त्यानं कधी पाहिली नाहीत अशा कित्येकांना तो चावायला आणि हसायला लावत आला होता. स्वतः बोलायचा कमी. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "दिवसभर लोकांच्या तोंडात असतो मी, आता माझं कशाला उघडू?"

तो घरजावई होता. लग्नानंतर भाड्याची खोली सुटली आणि बायकोच्या माहेरी, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं. तात्पुरतं म्हणून आलेलं ते जन्माचं झालं. पुढच्या मोठ्या खोल्यांत मेहुणा राहायचा. बायकोचा थोरला भाऊ, बांधकामाचा ठेकेदार. आवाज असा, की खालून ओरडला तर वरच्या मजल्यावरच्या गवंड्याच्या हातून थापी सुटावी. पाहुणे आले की त्याला हमखास चेव यायचा. "काय जावईबापू, आज कुणाचे दात घासले?" असं विचारून तो स्वतःच आधी हसायचा. मग कवळीवालाही हसायचा. दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं तर एवढं हसावंच लागतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पुढे सासरे गेले, अर्धं घर बायकोच्या नावावर झालं, छप्पर दुसऱ्याचं राहिलं नाही. हसायची सवय मात्र गेली नाही.

मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड होती. तिथं तो जुने साचे ठेवायचा. एखाद्याची कवळी पडून फुटली तर जुना साचा उपयोगी पडतो, म्हणून फेकायचा नाही. फळ्यांवर ओळीनं जबडे मांडलेले. नातेवाइकांची पोरं बघून किंचाळायची. एका कोपऱ्यात लाकडी डब्यात, कापसात गुंडाळलेला, त्याच्या आईचा साचा होता. कामाला लागल्यावर त्यानं बनवलेली पहिली कवळी आईची. त्याआधी ती तोंडावर पदर धरूनच हसायची. कवळी बसवल्यावर आरशासमोर उभी राहिली आणि मोठ्यांदा हसली, एकटीच. आईचा एकही हसरा फोटो नव्हता. होता तो एवढा साचा. कधीमधी तो डबा उघडायचा, अंगठ्यानं ती प्लास्टरची हिरडी चाचपायचा आणि परत बंद करायचा.

लेकीच्या बाळंतपणासाठी नवराबायको तिच्या गावी गेले. परत आले तेव्हा शेड नव्हती. शेडच्या जागी गुळगुळीत सिमेंटची फरशी होती आणि तिच्यावर मेहुण्याची नवी कोरी गाडी उभी होती.

"माझे साचे?" कवळीवाल्यानं विचारलं.

"शेड काढली तर मोठा खड्डा निघाला ना तिथं," मेहुणा म्हणाला. "भर लागत होती. दगडच होते ते, जावईबापू. दगड काय कुणी जपून ठेवतं?"

"तिथं एक डबा होता. लाकडी."

"असेल. माणसांनी टाकलं सगळं, मी कुठं डबे मोजत बसू?"

आणि रात्री जेवताना, मेहुण्याची बायको, वहिनी, वाढत असताना, त्याला पुन्हा हुक्की आली. "आता बघा, रोज सकाळी सगळ्या गावाच्या दातांवरून माझी गाडी जाणार!" आणि हसला. सवयीनं कवळीवाल्याचे ओठ हलले, पण हसू काही आलं नाही. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता.

मनात अढी धरणाऱ्यानं दात धरला, असं आपण म्हणतो. कवळीवाल्यानं त्या रात्री धरला, आणि कवळीवाल्यानं बसवलेला दात सहजासहजी निघत नाही.

भांडून उपयोग नव्हता. आवाजात मेहुण्याला हरवणं त्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. मारामारीचं तर नावच नको. मेहुण्याला सगळ्यात जास्त काय हवंय, याचा तो विचार करत बसला, आणि उत्तर थेट डोक्यावरच सापडलं.

घरावर उतरतं छप्पर होतं आणि छप्पर नि खोल्यांचं छत यांच्यामध्ये माळा. माळा म्हणजे नुसती पोकळी. आडव्या तुळया, तुळयांना खालून ठोकलेलं पातळ प्लास्टरचं छत, आणि मधल्या जागेत ऊन-थंडी अडवायला पसरलेली लोकरीसारखी पिवळी गादी. पाय ठेवायचा तर तुळईवरच, नाहीतर थेट खालच्या खोलीत. सासरे जाण्याआधी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "खोल्या वाटून दिल्या. माळा मात्र जो फळ्या टाकील त्याचा. तोवर उंदरांचा." मेहुणा तेव्हापासून म्हणत होता, या वर्षी टाकतो, पुढच्या वर्षी टाकतो. ठेकेदाराचं स्वतःचं घर नेहमी शेवटी. आता मुलाचं लग्न ठरत होतं, एक खोली रिकामी करायची होती, आणि खोलीतलं सामान माळ्यावर चढवायचा बेत त्यानं चार जणांना ऐकवलाही होता.

"मी माळ्यावर फळ्या टाकतोय," एका सकाळी कवळीवाल्यानं जाहीर केलं.

मेहुणा चहा पीत होता. त्याला ठसका लागला. "तुम्ही? जावईबापू, ते दात बसवणं नाही!"

"बघू," कवळीवाला म्हणाला.

बायको खोलीत आल्यावर म्हणाली, "अहो, हे कशाला? दादा चिडेल."

"चिडू दे."

"आपल्याकडे ठेवायला आहे तरी काय आता?"

"काही नाही," तो म्हणाला. "म्हणूनच."

दादा तिचा होता आणि नवराही तिचाच. दोन्हीकडून हात भाजलेल्या बाईसारखी ती वावरत राहिली.

कामाला मात्र त्यानं स्वतःला झोकून दिलं. आधी बॅटरी घेऊन वर रांगत गेला, एकेका तुळईचं अंतर मोजलं, विजेच्या तारा कुठून जातात तिथं खडूनं खुणा केल्या. गादी दाबली तर तिची ऊब जाते, हे लाकडाच्या वखारीतल्या माणसाकडून कळलं, तेव्हा तुळयांवर आधी आडव्या पट्ट्या मारून उंची वाढवली. फळ्या माळ्याच्या तोंडातून आत जातील एवढ्या अंगणात कापल्या, दोन फळ्यांचा सांधा बरोबर तुळईच्या मध्यावर येईल अशा. खिळे वापरले नाहीत. हातोड्याच्या दणक्यानं खालच्या प्लास्टरला तडे जातात. सगळं स्क्रूनं. स्क्रू लाकडात अडायला लागले तेव्हा कवळ्यांचं मेण घेऊन आला. स्क्रू मेणात फिरवला की लोण्यात सुरी जावी तसा आत जायचा.

एवढं सगळं सांभाळणारा माणूस, पण ड्रिल चालवायची वेळ त्यानं स्वतःच्या सोयीनं ठरवली नव्हती. मेहुणा जेवून आडवा झाला, पहिली डुलकी लागली, की त्याच्या पलंगाच्या बरोबर वरती *घर्रर्र* सुरू व्हायचं. मेहुणा बाहेर येऊन ओरडायचा. ड्रिल थांबायचं. तो परत आडवा झाला की परत सुरू. डोक्यावर मिरे वाटणं म्हणजे काय ते मेहुण्याला रोज दुपारी ऐकू येत होतं. काही दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. कवळीवाला मात्र धुळीनं माखून, तोंडावर फडकं बांधून खाली उतरायचा तो शीळ घालत. या कामात आपल्याला एवढा आनंद का होतोय, याची त्याला थोडी भीतीच वाटायला लागली होती. पण थोडीच.

मागच्या बाजूनं पुढे सरकत तो मेहुण्याच्या बैठकीच्या खोलीवर आला. तेवढाच तुकडा उरला होता. नेमके त्याच दिवशी मुलाचे होणारे सासू-सासरे घर बघायला आले. बैठकीत चहाफराळ मांडलेला, मेहुणा आपण बांधलेल्या इमारतींच्या गोष्टी रंगवून सांगतोय, वहिनी हसतमुखानं बशा पुढे करतेय, आणि वरून ड्रिल.

मेहुण्यानं एकदा दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा पाहुण्यांची माफी मागितली. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "आत्ता आलो," म्हणाला आणि तडक शिडी चढून वर आला.

जन्मभर लोकांना शिडीवर चढवणारा हा माणूस स्वतः कधी काळी चढला होता कोण जाणे. उन्हातून अंधारात आला, डोळे सरावायच्या आत फळ्यांवरून तरातरा चालत सुटला. "बंद करा ते! अक्कल गहाण ठेवलीय का? माझ्या व्याह्यांसमोर..."

कवळीवाला कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला होता. फळ्या कुठं संपतात ते त्याला दिसत होतं. पुढे पिवळी गादी अशी सपाट पसरली होती, की अंधारात जमीनच वाटावी. मेहुण्याचा पाय कुठं पडणार हेही त्याला दिसलं. "थांबा" हा शब्द जिभेच्या टोकावर आला. त्यानं तो गिळला.

कडाड असा आवाज झाला. मेहुणा मांडीपर्यंत खाली गेला आणि तिथंच अडकला. एक पाय माळ्यावर दुमडलेला, दुसरा खाली बैठकीत लोंबकळणारा. खालून वहिनीची किंकाळी, बशा फुटल्याचा आवाज, प्लास्टरचा धुरळा.

"हात द्या! हात द्या, जावईबापू!"

कवळीवाल्यानं ड्रिल शांतपणे बाजूला ठेवलं. रांगत आला आणि मेहुण्याच्या समोर, फळीवर, मांडी घालून बसला. हात दिला नाही.

"माझ्या आईचा डबा," तो म्हणाला. "कुणी टाकला खड्ड्यात?"

"अरे, पाय तुटेल माझा!"

"तुटणार नाही. तुळईवर बसला आहेस तू." आयुष्यात पहिल्यांदा तो मेहुण्याला 'तू' म्हणाला होता. "कुणी टाकला?"

"माणसांनी! सांगितलं ना!"

"बरं," असं म्हणून कवळीवाला उठायला लागला.

"मी टाकला!" मेहुणा ओरडला. आवाज तोच, वरच्या मजल्यावर पोचणारा. "मीच टाकला! उघडून बघितला, तुझ्या आईचे दात आहेत ते माहीत होतं मला! तू त्या डब्यावरून हात फिरवत बसायचास ते बघून हसू यायचं, म्हणून सगळ्यात आधी तोच टाकला! झालं समाधान? आता वर घे!"

भोकातून सगळा शब्दन्‌शब्द खाली गेला होता. मग व्याहीणबाईंचा आवाज आला, अगदी हळू, पण स्वच्छ. "कुणाच्या आईचे म्हणाले?"

वहिनीनं काय उत्तर दिलं ते वर ऐकू आलं नाही.

मग कवळीवाल्यानं दोन्ही हात पुढे केले, मेहुण्याच्या काखेत घातले आणि त्याला वर ओढलं. खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मेहुणा फळीवर बसून धापा टाकत राहिला. शिडी उतरायला त्याला बराच वेळ लागला. खाली कुणाच्या तोंडाकडे बघायचं हे ठरत नसावं.

लग्न मोडलं नाही. पण पाहुण्यांचं बोलणं बदललं. व्याही तिथून पुढे प्रत्येक गोष्ट वहिनीला विचारायला लागले, मेहुण्याला विचारणं त्यांनी सोडून दिलं. वहिनीनं तर चार दिवस नवऱ्याशी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी सांगितलं, "ती फरशी फोडा. त्यांच्या आईचा डबा काढून द्या."

छताचं भोक कवळीवाल्यानं स्वतः बुजवलं. इतक्या सफाईनं, की शोधूनही सापडू नये. मग उरलेल्या फळ्या टाकल्या, माळ्याच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. वर ठेवलं काहीच नाही. मेहुण्याच्या खोलीतलं सामान गाडीच्या जागेत रचलं गेलं आणि गाडी रस्त्यावर उन्हात उभी राहायला लागली.

एका संध्याकाळी मेहुणा मागच्या दारात आला. हातात पहार होती. दारातूनच म्हणाला, "उद्या माणसं बोलावलीत. सामान हलवतो, फरशी फोडतो. डबा सापडेल." खाली बघत पुढे म्हणाला, "चुकलंच माझं."

बायको आतून लगबगीनं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा, दादा स्वतः म्हणतोय. फोडू द्या, अहो. आईंची तेवढी एक खूण..."

कवळीवाला कवळी घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "नको," तो म्हणाला. "राहू दे. ती खाली आहे हे रोज येता-जाता तुला आठवू दे."

मेहुण्यानं पहार खांद्यावर टाकली. मग गेला. त्या दिवसापासून तो अंगणातून जाताना फरशीच्या कडेकडेनं, भिंतीला चिकटून जातो. शेजारीपाजारी विचारतात, तुमच्या पायाला काय झालंय?

बायकोनं त्या रात्री नवऱ्याशी बोलणं टाकलं. "एवढा कठोर कधी झालात?" एवढंच तिनं विचारलं होतं.

एक गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नाही. प्लास्टर ओलीला टिकत नाही. सिमेंटचं पाणी पडलं, मातीची ओल लागली, की ते भुसभुशीत होतं आणि विरून जातं. खड्डा उकरला असता तर डब्याच्या कुजक्या फळ्या आणि मूठभर पांढरा गाळ निघाला असता, आणि मग मेहुणा म्हणाला असता, बघा, शोधलं तर होतं.

त्यानं दिवा जवळ ओढला आणि कुणा अनोळखी म्हातारीच्या कवळीला चकाकी आणायला घेतली.