हसनाबादच्या शाळेतली झाडलोट

कार्ड शाळेतच आलं. अंबडच्या आमच्या शाळेत मी तिसरीच्या पोरांकडून सतराचा पाढा म्हणवून घेत होतो. शिपायानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि पाढा चालू असतानाच मी ते वाचलं. हसनाबादचे रंगनाथ मास्तर शुक्रवारी गेले, तीन दिवस ताप होता, मास्तरीणबाईंनी तुम्हाला कळवायला सांगितलंय... एवढंच. पाढा संपला, पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी त्यांना अठराचा म्हणायला लावलं. दुपारी दोन पोरांना मारलं. त्यातल्या एकाचं तर काहीच चुकलं नव्हतं, बिचारा नुसता खिडकीबाहेर बघत होता. हे लोकांपुढं मांडायची काही गरज नाही. पण मास्तर असते तर संध्याकाळी सगळ्यात आधी हेच त्यांना सांगितलं असतं, आणि ते एक शब्दही बोलले नसते. त्यांचं ते न बोलणं मला आयुष्यात किती उपयोगी पडलं, हे सांगायला आज पाच आठवड्यांनी बसलोय.

हसनाबादला मी लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जालन्यात मस्तगडाच्या दुकानांच्या गलबल्यात वाढलेला पोरगा, गावात दिवस मावळला की मी कंदील लावून भिंतीकडं बघत बसायचो. शाळेत मास्तर दोनच. थोरले रंगनाथ मास्तर, धाकटा मी. दोघांचा संसार एकाच खोलीत. त्यांची बायको अंबडला, कारण त्यांच्या आईनं अंथरूण धरलेलं, आणि सुनेशिवाय म्हातारीच्या तोंडात कुणाच्या हातचा घास जात नव्हता. मंग भाकरी मी थापायची आणि वांग्याची भाजी त्यांनी करायची, असा करार. ती भाजी कशी असायची ते गेलेल्या माणसाबद्दल लिहू नये. शाळेचा ताप मात्र रोजचा. पोरं घरात मराठी बोलणारी, सरकारचा कारभार उर्दूत म्हणून वरच्या वर्गाची पुस्तकंही उर्दूत, पेरणी-काढणीला निम्मा वर्ग शेतात, आणि तपासणीचे साहेब आले की सगळ्याचा जाब आम्हाला. ह्या तापावर प्रत्येक मास्तराचा आपापला तोडगा असतो. कुणी दिवसभर तंबाखू चोळतो, कुणी घरी जाऊन बायकोवर डाफरतो. मी छडीवाला होतो.

पहिल्याच महिन्यात मी एका पोराला पाटी फेकून मारली. कपाळाला खोक पडली. शाळा सुटली तरी मी जागचा उठलो नाही. मास्तरांनी दाराची एक फळी लोटली, पायरीवर बसले आणि मला शेजारी बसवलं.

"सांग आता."

"काय सांगू?"

"आज काय काय झालं ते समदं. मी काहीच बोलणार न्हाई. तुझं झालं की माझं सांगतो. मंग तूबी बोलायचं न्हाई. शाळा झाडल्याबिगर कुलूप लावायचं नसतं."

मला वाटलं, हा माणूस बिलकुल येडा आहे. पण सांगायला लागलो, आणि पाटीवरून सुरू झालेलं घरापर्यंत गेलं, आईपर्यंत गेलं, मी ढसाढसा रडलो. ते समोरच्या बाभळीकडं बघत ऐकत राहिले. 'होतं असं' म्हणाले नाहीत, 'पोराला मारू नये' म्हणाले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी त्यांचा दिवस सांगितला, कुलूप लावलं आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली.

ह्याला ते झाडलोट म्हणायचे. पुढं सहा वर्षं आम्ही एक दिवस चुकवला नाही. नियम कडक होता. हुंकार द्यायचा नाही, मान हलवायची नाही, 'माझंही तसंच' तर बिलकुल नाही. एकदा त्यांनी सांगितलं की सकाळपासून टोपी उलटी घालून शिकवत होतो आणि एकाही पोरानं सांगितलं नाही, तेव्हा मला हसू आवरलं नाही. "हसलास म्हणजे बोललास," म्हणाले, आणि आपला सगळा दिवस पहिल्यापासून परत सांगितला. अशी शिक्षा. छडी माझ्या हातून एकदम सुटली नाही, पण संध्याकाळी हे सांगावं लागणार, ह्या विचारानं उगारलेला हात पुष्कळदा खाली आला.

त्यांचा एक दिवस मात्र मला आजही सोसत नाही. धनगराचा एक मुलगा होता, सखाराम. मेंढरं परतली की शाळेत यायचा, मेंढरं हलली की जायचा. वर्षातले तीन-चार महिने शाळेत, पण हिशोबात वर्गात त्याच्यासारखा कुणी नव्हता. तपासणीच्या साहेबांनी त्याला उर्दूत गणित घातलं. त्यानं उत्तर बरोबर दिलं, पण मराठीत. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि मास्तर घाईघाईनं उर्दूत बोलून गेले, "मुलगा जरा मंद आहे, साहेब." पोराला तेवढी उर्दू कळत होती. त्यानं मास्तरांकडं एकदा बघितलं, खाली बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मास्तर मेंढवाड्यावर गेल्ते, पण मेंढरं हलली होती. साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी पायरीवर मास्तर आपलं ते वाक्य सांगत होते, आणि मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं की मीही घाबरून हेच बोललो असतो. ओठ दाबून बसलो. त्यांचा आवाज मधेच बसला, परत आला... शेवटी ते म्हणाले, "झालं माझं." त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. ऐकणारा माणूस त्यांना भाकरीइतका लागत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि हे कळून सवरून मी त्यांना सोडून गेलो. सहाव्या वर्षी त्यांची आई वारली, मास्तरीणबाई, म्हणजे आमच्या वहिनी, हसनाबादला आल्या, मी दुसरी खोली घेतली. माझंही लग्न ठरलेलं, बायकोचं माहेर अंबडचं. मी तबादल्याचा अर्ज दिला आणि महिनाभर लपवून ठेवला. शेवटी सांगितलं ते कधी, तर झाडलोटीत. पायरीवर बसून, बाभळीकडं बघत म्हणालो, माझा तबादला झालाय, सोमवारी निघतोय. तिथं सांगितलं की त्यांना बोलता येणार नाही, 'राहा' म्हणता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच घातलेला नियम मी त्यांच्यावर चालवला. ते बोलले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "आज माझं काही न्हाई." आणि कुलूप लावलं. मी मनाची समजूत घातली, आता वहिनी आहेत की.

मंग त्यांची कार्डं येऊ लागली. बारीक अक्षरात, कार्डाच्या कडेपर्यंत, नुसता दिवस. काय शिकवलं, कुणावर ओरडलो, कुठं चुकलो. एका कार्डात परत सखाराम आला. बाजारात तसाच एक पोरगा दिसला, मागं मागं गेलो, सखाराम निघाला नाही. मी तोवर अंबडला थोडा मोठा माणूस झालो होतो, चार लोक सल्ला विचारायचे. लिहून मोकळा झालो, की झालं ते मनाला लावून घेऊ नका, साहेबापुढं कुणाचं चालतं, तब्येत सांभाळा, रोज सकाळी फिरायला जात जा. पेटीत पत्र टाकलं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, की ह्या माणसानं मला सहा वर्षांत एकदाही सल्ला दिला नाही. आठवड्यानं त्यांचं कार्ड आलं. "तुझं पत्र मिळालं. फिरायला जात आहे." त्यानंतर कार्ड आलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती, दुसरं काय! अशी दोन वर्षं गेली.

मास्तर गेल्याचं कार्ड मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी हसनाबादला पोचलो. वहिनी दारात धान्य निवडत बसल्या होत्या. चहा झाला, आजारपणाचं सांगून झालं, आणि त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, एक इचारू? ते शाळा सुटल्यावर तासभर घरी येत न्हवते. एक दिवस बघाय गेल्ते. एकलेच पायरीवर बसून व्हते, व्हट हलत व्हते. म्या म्हणलं, जप करून राह्यले, मधी बोलू न्हाई. तशीच परत आले. काय म्हणत व्हते ते?"

मी सांगितलं. झाडलोट काय, नियम काय, मी कसा गेलो, पत्रात काय लिहिलं, सगळं. त्या निवडायच्या थांबल्या.

"मंग मला का न्हाई सांगितलं कुणी?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून असेल, वहिनी."

"मला कुठं उत्तर देता येत व्हतं, भाऊजी? अक्षर येत न्हाई मला. मी नुसती बसले असते."

मी निघताना ह्या बाईला एक शब्द सांगून गेलो असतो, तर तो माणूस दोन वर्षं बाभळीशी बोलला नसता. वहिनी वाट बघत होत्या. मी भिंतीला टेकलो आणि मास्तरांचा एक दिवस सांगायला लागलो, जो वहिनींना माहीत असणं शक्यच नव्हतं. सुट्टी संपवून, वहिनींना अंबडला आपल्या आईपाशी सोडून मास्तर परत आले होते. शुद्धलेखन घालता घालता मधेच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरांना म्हणाले, मिरचीचा हात लागला. एका पोरीनं पळत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, तर ते डोळे धुवायचे सोडून सगळं पिऊन गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "तिला दारात सोडलं आन् मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर आलोच नसतो."

वहिनी ऐकत होत्या. हुंकार नाही, मान हलली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. माझं संपलं तेव्हा ऊन अंगणातून गेलं होतं. मी उठून चप्पल घातली, तशा त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या बी या. हा एकच दिवस झाला."