चौकशीबाई

कुणाविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात साधा अर्जसुद्धा शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतात. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, तेही कॉम्प्युटर शिकायला, मराठी लिहायला नव्हे. शिवाय बाईंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं पुण्यात असतील. तेव्हा माझ्याकडून काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बाईंनी सांभाळून घेतलं नसतं. त्यांनी एवढंच विचारलं असतं, "हे तू कोणाला विचारून लिहिलंस?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कायम असायचा. नारायण पेठेत, खाली वह्या बांधणाऱ्याचं दुकान आणि वर आमचं सहा खुर्च्यांचं ऑफिस. ग्रंथालयं, वसतिगृहं, छोट्या संस्था यांच्यासाठी आम्ही वेबसाइट आणि नोंदींचे प्रोग्रॅम करायचो. मी तिथे अर्धा दिवस शिकाऊ म्हणून जायचो. पहिल्याच दिवशी माझ्या स्क्रीनवर चूक दाखवणारं लाल पान आलं आणि मी घाबरून सगळ्यात जवळ बसलेल्या बाईंना "मॅडम" म्हणून हाक मारली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम कोण? इथे सगळे मला बाई म्हणतात. आणि लाल दिसलं की ओरडायचं नाही, वाचायचं." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चौकशीबाईंच्या ताब्यात गेला."

हे नाव का पडलं ते मला नंतर कळलं. तरुणपणी बाई टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होत्या. लोक फोन करून कुणाचा तरी नंबर विचारायचे, अर्धवट नावावरून, चुकीच्या पत्त्यावरून, आणि बाई तो शोधून द्यायच्या. यंत्रं आली, टेबलं कमी झाली. मग त्यांनी नोकरी सोडली आणि त्या आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलांबरोबर बाकावर बसून प्रोग्रॅमिंग शिकल्या. एक सवय मात्र तिथली राहिली होती. फोन उचलायच्या आधी त्या डाव्या कानावरचे केस मागे सारायच्या. कधीकाळी तिथे हेडफोन असायचा.

आम्ही रुबी नावाच्या भाषेत काम करायचो. ही भाषा म्हणजे एकमेकांना प्रश्न विचारणाऱ्यांचा गाव आहे, असं बाई सांगायच्या. विद्यार्थ्याच्या नोंदीला नाव विचारलं की ती नाव सांगते, जन्मतारीख विचारली की जन्मतारीख. पण एखाद्याला जे येतच नाही ते विचारलं, तर तो हात वर करतो आणि सगळा प्रोग्रॅम तिथेच थांबतो. लाल पानावर येतं, 'अनडिफाइन्ड मेथड', म्हणजे असलं काही मला ठाऊक नाही. आणि दहातल्या नऊ वेळा पुढे लिहिलेलं असतं, 'फॉर निल'. निल म्हणजे रिकामं. आपण समजतो की समोर विद्यार्थी आहे, आणि तिथे कुणीच नसतं.

अशा वेळी बाई आपली एक फूट लांब लाकडी पट्टी काढायच्या आणि थेट स्क्रीनला लावायच्या, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसायची. "काय विचारलंस?" मी सांगायचो. "कोणाला विचारलंस?" मी सांगायचो. "तो तोच आहे, हे कशावरून?" मग त्या पट्टी एकेक ओळ सरकवत मागे जायच्या, एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये, तो रिकामा माणूस मुळात आला कुठून ते सापडेपर्यंत. बोंब इथे झाली म्हणून चोरी इथेच झाली असं नसतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा दाखवलं की शेवटी मला त्याची गंमत वाटायला लागली. लाल पान आलं की आधी भीती वाटायची, ती हळूहळू कमी झाली आणि त्या जागी उत्सुकता आली. आता हा कुठून आला असेल?

ही चौकशी कॉम्प्युटरपुरती नव्हती. एकदा त्यांनी मला बुधवार पेठेत नेटवर्कची केबल आणायला पाठवलं. मी रिकाम्या हाताने परतलो, कारण पहिल्याच दुकानदाराने मला विचारलं होतं की पाटी मराठीत आहे, वाचता येत नाही का. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पाटीवर काय होतं?" मी म्हणालो, घड्याळाचे सेल. "मग त्याने उत्तर बरोबर दिलं. प्रश्न तू चुकीच्या माणसाला विचारलास." आणि मला पुन्हा पाठवलं.

एका दुपारी काम नव्हतं तेव्हा त्यांनी मला निललाच प्रश्न विचारायला लावले. मला वाटत होतं, रिकामं म्हणजे काहीच नाही. तसं नव्हतं. रुबीमध्ये निललाही पुष्कळ काही येतं. तुझं अक्षरात रूप सांग म्हटलं की तो कोरी ओळ देतो, यादी दे म्हटलं की रिकामी यादी देतो. तू निल आहेस का, असं विचारलं की सरळ हो म्हणतो. मी एकामागून एक विचारत गेलो आणि तो उत्तर देत गेला. बाई म्हणाल्या, "स्वतःविषयी खरं बोलतो बघ. उगाच शिव्या देता तुम्ही त्याला. चूक त्याची नसते. त्याला तिथे कोणी बसवलं, ते शोधायचं."

मला हे सगळं पटलं होतं. तरी चूक केलीच.

मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम आमच्याकडे होतं. अर्ज आले की यादी लागायची आणि मुलाखतीचा निरोप पालकांच्या फोनवर जायचा. बाई तीन दिवस साताऱ्याला बहिणीकडे गेल्या असताना यादीचं पान बंद पडलं. निरोप त्याच दिवशी जायचे होते. वसतिगृहाच्या क्लार्कचे फोनवर फोन, ऑफिस चालवणारे आमचे सर माझ्या खुर्चीमागे उभे. लाल पानावर होतं, 'अनडिफाइन्ड मेथड फोन फॉर निल'. पालकाला फोन नंबर विचारला होता आणि पालकाच्या जागी कुणी नव्हतं. मी इंटरनेटवर शोधलं. उपाय एका चिन्हाचा होता. प्रश्न विचारताना जे टिंब देतात, त्याच्या आधी अँडचं (&) चिन्ह टाकलं की रुबी आधी पाहते, समोर कुणी आहे का. नसेल तर विचारतच नाही, गुपचूप पुढे जाते. मी ते टाकलं. पान उघडलं, निरोप गेले. सर म्हणाले, "शाब्बास."

संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं की आज माझ्या हातून एक काम झालं. तिने काय झालं होतं ते विचारलं. मी म्हणालो, एक जण उत्तर देत नव्हता, तर आता त्याला विचारायचंच नाही असं केलं. आई म्हणाली, "मंग ज्याले उत्तर पायजे होतं, त्याचं काय झालं?" मी हसलो. तुला नाही कळायचं, असंही म्हणालो.

सोमवारी बाई आल्या. मागे काय काय बदललं ते त्या आधी वाचून काढायच्या. माझ्या ओळीवर पट्टी थांबली.

"हा निल कुठून आला?"

"माहीत नाही. पण आता एरर येत नाही."

"एररचं मी विचारलं नाही."

त्यांनी पालक नसलेल्या नोंदी काढल्या. एकच निघाली. मनीषा नावाची मुलगी, माझ्याच जिल्ह्यातली, माझ्या गावापासून दोन तासांवरच्या खेड्यातली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आईवडील नाहीत. आश्रमशाळेत शिकले.' पालकाचा रकाना तिने मोकळा सोडला होता. तिने खरं तेच लिहिलं होतं. प्रत्येकाला कुणीतरी असतंच, हे आम्ही गृहीत धरलं होतं.

"हिचा निरोप कोणाला गेला?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "कुणालाच नाही."

मुलाखत बुधवारी होती. जी येणार नाही तिचं नाव कटणार होतं. पुण्यात राहायला जागा नाही म्हणजे तिचं पुढचं शिक्षण नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीही असाच एका यादीतल्या नावावर पुण्यात आलो होतो. बाई रागावतील, सरांना सांगतील, असं वाटत होतं. त्यांनी डाव्या कानावरचे केस मागे सारले आणि फोन ओढला.

अर्जात तिचा स्वतःचा फोन नव्हता. आश्रमशाळेचा नंबर लागत होता, पण सुट्टी असल्याने उचलत कुणी नव्हतं. वाजून वाजून बंद झाला तेव्हा मी म्हणालो, आता काही होणार नाही. बाई म्हणाल्या, "शाळेला माहीत नसलं तरी गावाला माहीत असतं." त्यांनी तालुक्याच्या एसटी स्टँडचा नंबर मिळवला. तिथल्या माणसाला, त्या गावाला जाणाऱ्या गाडीवर कोण असतं, ते विचारलं. कंडक्टर त्याच गावचा निघाला. त्याला विचारलं, शाळेसमोर काय आहे? पिठाची गिरणी. गिरणीवाल्याचा नंबर? तो मिळाला. हे सगळं त्या इतक्या शांतपणे करत होत्या की ऑफिसमधले सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते.

गिरणी चालू होती. बाई ओरडून बोलत होत्या, "आपण जरा बाहेर येऊन बोलता का?" पलीकडून नुसतं "कोन बोलून रायलं?" एवढंच ऐकू येत होतं. तीनदा असं झालं. मग बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"तुझ्याकडची माणसं आहेत. तू बोल."

मी पुण्यात आल्यापासून दीड वर्ष माझी बोली दाबून ठेवली होती. खोलीवरची मुलं हसायची. आता सगळं ऑफिस ऐकत होतं. मी फोन घेतला आणि म्हणालो, "दादा, थे आश्रमशाळेतली मनीषा हाय ना, तिले परवा पुण्याले या लागते. हॉस्टेलची मुलाखत हाय. तिले मालूमच नाही. आमच्याकडून चुकलं."

गिरणी बंद झाल्याचं ऐकू आलं. "मनीषा? थे स्वयंपाकीण मावशीच्या घरी हाय. सांगतो ना बा, आताच जातो." पत्ता, वेळ, सगळं त्याने पिठाच्या पिशवीवर लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

फोन ठेवल्यावर कुणी हसलं नाही. बाई सरांकडे गेल्या आणि आपल्या ऑफिसकडून एक निरोप राहिला होता, तो आता दिला, एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. परत येऊन मला ते चिन्ह काढायला लावलं. पालक नसेल तर ती नोंद क्लार्कच्या यादीत लाल अक्षरात दिसेल, पुढे 'निरोप गेला नाही' असं येईल, अशी व्यवस्था आम्ही केली. "लाल दिसू दे," बाई म्हणाल्या. "लाल दिसलं की निदान कोणीतरी बघतं."

ती मुलगी आली का? बुधवारी माझी परीक्षा होती. त्यानंतर वसतिगृहाने सगळ्या नोंदी आपल्याकडे हलवल्या, त्या आम्हाला दिसेनात. एक फोन करून विचारता आलं असतं. पण क्लार्क विचारेल, तुम्हाला कशाला हवंय. आणि आली नव्हती असं म्हणाला तर मी काय करणार होतो? बाईंनी दोन-तीनदा विचारलं, "चौकशी केलीस?" मी म्हणायचो, करतो. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरल्या.

त्या दिवाळीला त्यांनी काम थांबवलं. वाचताना त्यांना अक्षरं एकमेकांत गेलेली दिसू लागली होती. पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि पुण्याजवळच्या मांजरी गावात भाच्याकडे राहायला गेल्या. ये म्हणाल्या. मी नक्की येतो म्हणालो, तेव्हा म्हणाल्या, "मांजरी म्हणजे लंडन नव्हे. बस जाते." दोन-चारदा फोन केला. मग परीक्षा आल्या, प्रोजेक्ट आला. पुढे पुढे, इतक्या दिवसांनी फोन कसा करायचा, याचाच संकोच वाटू लागला. दीड वर्ष गेलं.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या त्याच क्लार्कचा फोन आला. एका मुलीच्या नोंदीतून पालकाचं नाव काढायचं होतं, ते निघत नव्हतं. काढलं की दुसऱ्याच एका ठिकाणी लाल पान येत होतं. मी नोंद मागवली, सवयीने पट्टी लावली. मुलीचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. मनीषाच होती. दुसऱ्या वर्षाला होती. मला इतका आनंद झाला की थोडा वेळ पुढचं काही वाचलंच नाही. मग म्हणालो, "अहो, पण हिला पालकच नव्हते. रकाना मोकळा होता."

"पहिला अर्ज आला तेव्हा मोकळा होता," क्लार्क म्हणाले. "मुलाखतीच्या दिवशी एक बाई तिला स्टँडवरून थेट घेऊन आल्या ना. फॉर्मवर त्यांनीच सही केली, पालक म्हणून. दर महिन्याला यायच्या, पुढे पुढे मांजरीहून बसने. डोळ्यांना नीट दिसायचं नाही, तरी यायच्या. मुलीला आधी विचारायच्या, काय अडलंय, आणि मग, कोणाला विचारलंस."

मी पट्टी एक ओळ खाली सरकवली. पालकाच्या रकान्यात बाईंचं पूर्ण नाव होतं. ऑफिसच्या हजेरीपटाखेरीज ते नाव मी कुठे पाहिलं नव्हतं.

"मग आता काढायचं कशाला?" मी विचारलं.

"बाई मंगळवारी वारल्या हो," क्लार्क म्हणाले. "तुमच्याच ऑफिसात होत्या ना? तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मी कोणाला विचारलंच नव्हतं.